जुळणीची गोष्ट : लॅपटॉप, लिनक्स आणि बंद कागदपत्रे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘आमच्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का हो?’ हा प्रश्न हल्ली चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांतून, सेवा केंद्रांतून आणि घराघरांतून विचारला जातो. त्याला कारणही तसेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने थांबवला. पुढची विंडोज ११ बसवायची तर लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे ज्याचा पडदा शाबूत आहे, कीबोर्ड शाबूत आहे, असा लॅपटॉप केवळ कागदावर म्हातारा ठरला. अशा वेळी लिनक्सची आठवण होते. तिला पैसे पडत नाहीत, तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते, शेजाऱ्याला देता येते.

मात्र वरच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘चालेल, पण...’ असे येते. या ‘पण’च्या मागे पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. वायफाय का लागत नाही, झाकण मिटून उघडले की पडदा काळाच का राहतो, बोटाचा ठसा घेणारे बटण मुके का, या सगळ्यांची मुळे त्या इतिहासात आहेत. आज तोच सांगायचा आहे.

त्याआधी एक शब्द समजून घेऊ. ड्रायव्हर. संगणकातला ड्रायव्हर म्हणजे खरे तर दुभाषा. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे आलेला रुग्ण माडिया बोलणार आणि डॉक्टर मराठी. मधे दुभाषा नसेल तर उत्तम डॉक्टर आणि उत्तम औषधे असूनही उपचार अडणारच. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी अखेर माडिया शिकून घेतली. लॅपटॉपमध्ये हेच घडते. लिनक्स एक भाषा बोलते, आतली वायफायची चिप दुसरी. चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या भाषेचे व्याकरण, म्हणजे तांत्रिक कागदपत्रे दिली तर दुभाषा लिहिता येतो. दिली नाहीत तर खुणांवरून, हावभावांवरून एकेक शब्द उमगून घेत बसावे लागते. हार्डवेअरच्या जुळणीचा सगळा झगडा या कागदपत्रांचा आहे.

मुक्त आज्ञावलीची चळवळ मुळात अशाच एका दुभाष्यावरून पेटली. अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रामर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, तेव्हा त्याच्या आज्ञावलीत फेरफार करून स्टॉलमनने अशी सोय केली की, कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद तोही अडकवायचाच! पण त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कंपनीने दिलेला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो असल्याचे स्टॉलमनला कळले. त्याने जाऊन मागितला, तर ‘कोणाला देणार नाही असे मी वचन दिले आहे’ असे उत्तर मिळाले. हा नकार त्याच्या जिव्हारी लागला. १९८३ मध्ये त्याने सर्वांसाठी खुली अशी संपूर्ण संगणक प्रणाली लिहिण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. थोडक्यात, एका अडकलेल्या कागदाने इतिहासाला वळण दिले, असे म्हणायला हरकत नाही.

ग्नूकडे बरेच काही होते, पण वापरण्याजोगा गाभा नव्हता. तो फिनलंडमधल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने दिला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपला प्रकल्प जाहीर करताना एक प्रामाणिक इशाराही दिला होता : ही प्रणाली बहुधा एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर कधी चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढेच आहे. पुढे झाले उलटेच. जगभरच्या लोकांनी आपापल्या घरातल्या यंत्रासाठी दुभाषे लिहिले आणि पाठवून दिले. आज जगातले सर्वांत बलाढ्य महासंगणक आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन या दोहोंच्या गाभ्यात लिनक्सच असते.

मग लॅपटॉपनेच काय घोडे मारले? टेबलावरच्या संगणकाचे सुटे भाग बदलता येतात. एक कार्ड चालले नाही तर दुसरे घाला. लॅपटॉपमध्ये कंपनीने जे ठरवले तेच तुमच्या पदरी येते. त्यात बॅटरी, झाकण, पडद्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा अशा टेबलावरच्या संगणकात नसलेल्या गोष्टी. १९९० च्या दशकाच्या शेवटी तर कंपन्यांनी मोडेमचे अर्धे काम चिपमधून काढून विंडोजवर सोपवले. मोडेम स्वस्त झाले, पण विंडोज नसेल तर ते नुसते प्लास्टिक. त्यांना ‘विनमोडेम’ असेच नाव पडले.

वीज आणि झाकणाची गोष्ट अधिक रंजक आहे. लॅपटॉप झोपवणे, उठवणे, बॅटरी किती उरली ते सांगणे यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. मानक सर्वांसाठी खुले होते. पण जानेवारी १९९९ मध्ये खुद्द बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेला एक निरोप पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील खटल्यात उघड झाला. आपण आणि आपले भागीदार एवढे कष्ट घेणार आणि लिनक्सला ते आयते मिळणार, तेव्हा यातला काही भाग विंडोजपुरता ठेवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून पुढे प्रत्यक्षात काय केले गेले यावर वाद आहे. परंतु घडले ते असे की, बहुतेक कंपन्यांनी आपले लॅपटॉप फक्त विंडोजवर तपासले. लॅपटॉप सुरू होताना त्याची आतली आज्ञावली विचारते, ‘कोण आले आहे?’ ‘लिनक्स’ असे खरे उत्तर दिले की ती अनेकदा कधीच न तपासलेल्या वाटेने जायची आणि अडखळायची. अखेर लिनक्सच्या कारागिरांनी व्यवहारी तोडगा काढला. आजही लॅपटॉपने विचारले की लिनक्स सांगते, ‘मी विंडोज!’ सोंग घेतल्याशिवाय घरात प्रवेश नाही.

सर्वांत मोठे रामायण मात्र वायफायचे. रेडिओवरून बोलतो आहे म्हणून मुद्दाम सांगतो, वायफाय हासुद्धा एक रेडिओच. तोही ठराविक लहरींवर, ठराविक शक्तीने बोलतो आणि त्यावर प्रत्येक देशाच्या सरकारचे नियम असतात. अनेक कंपन्यांनी याच नियमांकडे बोट दाखवून कागदपत्रे द्यायला नकार दिला. वापरणाऱ्याने चिपची शक्ती वाढवली तर जबाबदार कोण, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य नव्हते असे नाही, पण सबब म्हणूनही तो फार सोयीचा होता. २००३ नंतर लॅपटॉपमध्ये वायफाय सर्रास येऊ लागले. त्यातल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा असायच्या आणि त्यांचा लिनक्ससाठी दुभाषाच नव्हता.

लोकांनी दोन वाटा शोधल्या. पहिली उसनवारीची. एनडिसरॅपर नावाची आज्ञावली विंडोजसाठीचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये आणून चालवायची. दुसरी वाट कष्टाची. काही स्वयंसेवकांनी कंपनीच्या ड्रायव्हरचे बारकाईने निरीक्षण करून चिपची भाषा टिपून घेतली आणि ती साध्या टिपणांच्या रूपात लिहिली. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून हे सोवळे पाळलेले. हा ड्रायव्हर जून २००६ च्या लिनक्समध्ये दाखल झाला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. तोही नव्या चिपांपुरता.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्या वाटेत आणखी एक अडथळा होता. पुण्याच्या सी-डॅकने १९८८ नंतरच्या काळात संगणकावर भारतीय लिप्या आणल्या त्या जिस्ट कार्डाच्या रूपाने. हे कार्ड संगणकाच्या पोटात खोचायचे. फार मोलाचे काम होते ते, पण सामान्य लॅपटॉपच्या पोटात असे कार्ड बसवायला जागाच नसे. पुढे मराठी छपाईवर श्रीलिपीसारख्या आज्ञावल्यांचे राज्य आले. त्या विंडोजवर चालायच्या आणि त्यांच्यासोबत यंत्रात खोचायचे एक कुलूप यायचे. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंतचा मजकूर अशा कुलपांच्या आणि त्यांच्या खास फॉन्टांच्या आधाराने टंकला गेला. लिनक्सवर ना ते कुलूप ओळखले जाई, ना ती अक्षरे उमटत. युनिकोड रुळला, रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट खुले केले, २००७ मध्ये सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आली, तेव्हा कुठे ही गाठ सैल झाली.

आणि त्याच २००७ मध्ये महाराष्ट्रात एक प्रयोग झाला. त्याची आठवण आता फारशी कोणाला नाही.

एमआयटीच्याच निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. त्याचे नाव एक्सओ. आजवरच्या कथेत लॅपटॉप आधी आणि लिनक्स मागून, अशी फरफट होती. इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उलटे घडले. प्रणाली लिनक्सच असणार हे आधी ठरले आणि तिच्याशी जुळतील असे भाग निवडले गेले. ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडीचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि हार्ड डिस्कऐवजी १ जीबीची फ्लॅश. पडदा असा की भर उन्हात काळ्या-पांढऱ्यात वाचता यावा. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ज्याने कधी लॅपटॉप उघडून पाहिला असेल त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल! कीबोर्ड रबराच्या एकसंध पत्र्याचा, धूळ आत न जाणारा. देवनागरी अक्षरांचा कीबोर्डही या लॅपटॉपसाठी आखला गेला. यंत्र सुरू करणारी सर्वांत आतली आज्ञावलीसुद्धा खुली होती, त्यामुळे ‘मी विंडोज’ असे खोटे सांगायची पाळी लिनक्सवर आली नाही.

भारत सरकारने मात्र २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. तत्कालीन शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचे म्हणणे असे की, शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना संशयास्पद आहे, आणि आपल्याला वर्गखोल्या व शिक्षक यांची गरज अधिक आहे. तरीही २००७ च्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा या वस्तीवरच्या एकशिक्षकी मराठी शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. विसेक मुले. भारतातला हा पहिला प्रयोग. लिनक्स म्हणजे शहरातल्या अभियंत्यांचा छंद, असे मानण्याच्या त्या काळात डोंगरातल्या पहिली ते चौथीच्या मुलांच्या हाती लिनक्स होती, आणि ती त्यांना विशेष काही वाटत नव्हती. कारण वायफाय, कॅमेरा, आवाज सगळे लागत होते. जुळणी नीट असली की प्रणाली दिसेनाशी होते.

पण या यंत्रातही एक चिप बंदच राहिली. कोणती? पुन्हा वायफायचीच. जिथे मोबाइलचा मनोरा नाही तिथे मुलांचे लॅपटॉपच एकमेकांना निरोप पोहोचवतील, अशी योजना होती. लॅपटॉप झोपलेला असतानाही वायफायच्या चिपने निरोप पुढे ढकलत राहायचे. त्यासाठी मार्व्हेल कंपनीची एक चिप निवडली गेली. तिच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर होता आणि त्यावर चालणारी आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, बंद होती. दुभाषा खुला, पण दुभाष्याशी बोलणारा आतला माणूस पडद्याआड. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांनी २००६ मध्ये यावर जाहीर टीका केली. प्रकल्पवाल्यांचे उत्तर असे की, हे काम करणारी दुसरी चिप बाजारात नाही. मला विचाराल तर दोघेही बरोबर होते. एक्सओची किंमतही शंभरावर थांबली नाही, १८८ डॉलरपर्यंत गेली. उरुग्वे आणि पेरूमध्ये हे लॅपटॉप लाखांनी वाटले गेले. पेरूतल्या मुलांच्या गणित-भाषेच्या गुणांत त्यामुळे फरक पडला नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बॅनर्जी यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती तर! भारतात ही योजना पसरली नाही.

फर्मवेअरचा हा प्रश्न गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात कसा बोचतो ते पाहा. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी चढले की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा ठिकाणी कोणी लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सची जुनी, तत्त्वनिष्ठ आवृत्ती बसवायला घेतली, तर काय व्हायचे? मध्येच पडद्यावर सूचना यायची : वायफायचे फर्मवेअर नाही, ते इंटरनेटवरून आणा. आणि इंटरनेट कशाने येणार? वायफायने! पुण्यात-मुंबईत माणूस केबल लावायचा. एटापल्ली, सिरोंचाकडच्या गावात केबल कुठली? डेबियनचे म्हणणे होते की, बंद आज्ञावली आम्ही आमच्या अधिकृत संचात ठेवणार नाही. तत्त्व म्हणून त्याचा मान राखावासा वाटतो. पण त्याची झळ ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यालाच अधिक बसायची.

डेबियनच्या सदस्यांनी यावर रीतसर मतदान घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला : फर्मवेअर संचातच द्यावे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. या मतदानात तत्त्वाची हार झाली असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. पेनड्राइव्ह घेऊन अहेरीहून एसटीने पुढे जाणाऱ्या शिक्षकाचे काम आता त्या एका पेनड्राइव्हमध्ये होऊ शकते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

केरळने २००० च्या दशकातच शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. सरकार हजारोंनी यंत्रे घेते आणि ती लिनक्सवर चालली पाहिजेत असे सांगते, तेव्हा कंपनीला आधी तपासून पाहावे लागते. आपल्याकडे २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली. तिने खेड्यापाड्यातल्या लाखो मुलांना माउस हातात धरायला शिकवले, हे तिचे श्रेय मोठेच. पण संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही तिच्याबरोबर घट्ट झाले आणि ‘याचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे का?’ असे दुकानदाराला विचारणारे गिऱ्हाईक आपल्याकडे तयार झाले नाही.

आज चित्र बरेच पालटले आहे. २०१२ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी भर सभेत ज्या एनव्हिडिया कंपनीला उद्देशून असभ्य खूण केली होती, तिनेही मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. इंटेलच्या वायफाय चिपा तर सहसा विनातक्रार लागतात. अडते ते बोटाच्या ठशाच्या बटणाशी, काही नव्या कॅमेऱ्यांशी आणि अजूनही अधूनमधून झाकण मिटण्या-उघडण्याशी. दुसरीकडे फार जुन्या यंत्रांचा निरोप घेणेही चालू आहे. ज्या ३८६ प्रोसेसरसाठी टोर्वाल्ड्सने लिनक्स लिहिली, त्याचा पाठिंबा २०१२ च्या अखेरीस तिच्यातून काढण्यात आला. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या संगणकांसाठीचा संच बंद केला. म्हणजे २००५ च्या आसपासचा लॅपटॉप माळ्यावर असेल तर आधी तो ६४ बिटांचा आहे का ते बघावे.

मग जुना लॅपटॉप असो वा बाजारातून हातचा घ्यायचा असो, तपासायचे कसे? क्लाउस नॉपर या जर्मन गृहस्थाने २००० मध्ये ‘नॉपिक्स’ आणली. सीडी घालायची आणि काहीही न बसवता लिनक्स सुरू करून पाहायची, ही युक्ती तिने घरोघर नेली. आता सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आला, एवढाच फरक. तो घेऊन दुकानात जावे. लिनक्स सुरू झाली की वायफायची यादी दिसते का, आवाज येतो का, उजेडाच्या कळा चालतात का ते पाहावे. मग झाकण मिटून दोन मिनिटे थांबावे आणि उघडावे. सेवा केंद्रासाठी घ्यायचा असेल तर अंगठा घेणारे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीची डोंगल सोबत न्यावी, कारण तिथेच गाडी अडण्याचा संभव अधिक. मॉडेलचे नाव तेच असले तरी आतले वायफाय कार्ड निराळे असू शकते, तेव्हा मित्राकडच्या लॅपटॉपवर चालले म्हणून आपल्याकडे चालेलच असे धरून चालू नये. वायफाय लागले नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये वायफायचे कार्ड एका-दोन स्क्रूंवर बसवलेले असते आणि ते बदलता येते. मात्र काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप आपल्या यादीबाहेरचे कार्ड दिसले की सुरूच होत नाहीत, हे आधी विचारून घ्यावे. आणि कार्ड स्वतः काढणार असाल तर अँटेनाच्या दोन बारीक तारा कोणत्या टोकाला होत्या याचा फोटो आधी काढून ठेवा.